स्टिरिओमागची उरलेली वायर

तीर्थस्वरूप काका,

तुमच्या पायांशी दंडवत. (साष्टांग घालणार होतो, पण तुमच्या बोटीत माझ्या लांबीची कोरडी जागा सध्या नाही, म्हणून फळीवर बसूनच जेवढं वाकता आलं तेवढं वाकलो आहे.) गुडघे कसे आहेत? संध्याकाळचं फिरणं चालू असेलच. कान कसा आहे? डावा म्हणतोय मी, उजव्याची चौकशी करण्यात आता अर्थ नाही हे मला माहीत आहे. काकूला नमस्कार सांगा असं लिहिणार होतो, पण मग नमस्कार कुठून आला, कशातून आला, हे तुम्हाला तिला सांगावं लागेल, आणि काकूला एखादी गोष्ट सांगावी लागण्याची तुम्हाला किती धास्ती आहे ते मला अलीकडेच कळून चुकलं आहे. तेव्हा नमस्कार राहू द्या. मी इकडे ठीक. पायाच्या बोटांमधली कातडी सोलवटली आहे, गादी पिळून पिळून माझे हात दुखतायत आणि ती तरीही वाळत नाही. एवढं सोडलं तर प्रकृती उत्तम.

फोन करायचा सोडून हा पत्राचा उद्योग कशाला, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुम्ही माझा फोन उचलत नाही. दुसरं म्हणजे उचललात तरी तो कानाला न लावता टेबलावर ठेवता, आवाज मोठा करता आणि सगळ्या घराला ऐकवत बोलता. हा घोळ झाला तो तुमच्या त्या सवयीमुळेच, ते पुढे येईल. टपालात टाकत नाही, कारण तुमच्या दारात आलेलं प्रत्येक पाकीट काकू फोडते, मग ते विजेच्या बिलाचं असो की कुणाच्या लग्नाचं. म्हणून धक्क्यावरच्या वॉचमनला गळ घातली आहे. तो पाळी संपली की तुमच्या फिरायच्या बागेवरूनच घरी जातो. टोपी घातलेला, बाकावर एकटा आणि जगावर रुसलेला माणूस दिसला की तेच माझे काका, अशी खूण त्याला सांगून ठेवली आहे. (तो म्हणाला, तिथे तसे पुष्कळ बसतात. मी म्हणालो, त्यातला सगळ्यात जास्त रुसलेला बघ.)

तर काका, तुम्ही सगळ्या नातेवाइकांत पसरवलंत की मी बोट बुडवली. आत्याचा मला फोन आला होता. ती म्हणाली, रेडिओ बदलायला सांगितला तर पोरानं बोट बुडवली, उद्या दिवा बदलायला सांगितला तर घर पेटवेल. हे ती मलाच सांगत होती, जणू मी कुणी तिसराच आहे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. लहानपणापासून आपल्या घरात जे काही फुटतं, तुटतं, हरवतं, त्याचं खापर फोडायला माझं डोकं सोयीचं पडत आलं आहे, आणि डोकंही आता सरावलं आहे. पण त्यावर तुमचा निरोप आला की महिनाअखेर बोटीतून सामान उचल आणि कुठे जायचं तिकडे जा. काका, सामान म्हणजे एक पिशवी, एक स्टोव्ह आणि ती गादी. उचलायला एक फेरी पुरे. प्रश्न "कुठे जायचं तिकडे" चा आहे.

तुम्ही मला भिंगरी हे नाव ठेवलंत ते बरोबरच होतं. शाळा मी नववीत अर्धी सोडली (दुसरी अर्धी शाळेनं सोडवली), मग बेकरीच्या माळ्यावर राहिलो, तिथे इतका उकाडा की पावाबरोबर मीही फुगायचो. मग ट्रकवर, मग एका हॉटेलच्या धुलाईखान्यात, मग त्या लाउडस्पीकरवाल्या उस्तादाकडे. कुठेही मला झोप लागून जाग आली की पहिला विचार यायचा की इथून निघायचं कधी. या बोटीत तो विचार आला नाही. आत सरळ उभं राहता येत नाही, पाय लांब करायचे तर दार उघडं ठेवावं लागतं, आणि खिडकी पाण्याला इतकी टेकलेली की सकाळी बदक आत डोकावून माझ्याकडे असं बघतं जणू भाडं मागायला आलंय. पण झोप लागते. पाणी बोटीला खालून थापटत राहतं. मला लहानपणी कुणी थापटून झोपवलं होतं की नाही ते आठवत नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. असो. मला या बोटीची काही पडलेली नाही. मी कुठेही राहू शकतो. फक्त खरं काय झालं ते कागदावर असावं, एवढ्यासाठी लिहितोय.

आता मुळापासून. दातांचे डॉक्टर बोट बघून तुमच्याकडे घरी आले, तेव्हा मीही होतो. बोट विकायची हा हट्ट काकूचा, किती वर्षांचा ते तुम्हीच जाणा. डॉक्टरांना सगळं पसंत पडलं, फक्त स्टिरिओ नको म्हणाले. त्यात नको म्हणण्यासारखं काय आहे असं नवख्याला वाटेल, म्हणून मी आपला आठवून बघतो. एक गुंडी, तीही अर्धी झिजलेली. आत कायमची अडकलेली ती एकच कॅसेट, एका बाईंच्या गाण्यांची, जिच्यातलं तिसरं गाणं सुरू झालं की बाई हळूहळू विहिरीत उतरल्यासारख्या वाटायच्या आणि चौथ्याला परत वर यायच्या. रेडिओ लावला तर बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडात वाळू. डॉक्टर म्हणाले, हा काढून नवा बसवून द्या, फोनवरून गाणी लागणारा, मग मी बोट घेतो. आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, आमची भिंगरी बसवून देईल, तिकडे नुसतीच लोळत असते. तेव्हा तुमचा चेहरा असा पडला की मला तुमची कीव आली. मला वाटलं, माणसाचा इतक्या वर्षांचा सोबती चाललाय. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला होता, आठवतं? तुम्ही तो झटकलात. मला वाटलं, दुःखानं.

कारण काका, तुम्ही रसिक आहात, हे आपल्या घरात ठरलेलं होतं. बोटीत बसलं की काकांना गाणं लागतं. गाण्याशिवाय काकांचं पान हलत नाही. कुणी गुंडीकडे हात नेला की तुमचं ते वाक्य यायचं, "वाजू दे रे, वाजू दे," आणि आवाज कमी केलेला चालायचा पण बंद केलेला चालायचा नाही. बोट धक्क्याला बांधून, विजेची वायर जोडून, कुलूप लावून आपण सगळे घरी निघायचो तेव्हासुद्धा आत बाई बारीक आवाजात गातच असायच्या. विचारलं तर तुम्ही म्हणायचात, माशांना सोबत. आम्ही हसायचो. वॉचमनला वाटायचं की चोरांना आत माणूस आहे असं वाटावं म्हणून. आत्याला वाटायचं की तुम्ही मूळचे कलावंत, परिस्थितीनं हिशेबनीस झालात. मी बोटीत राहायला आलो तेव्हा पहिलीच ताकीद तुमची हीच होती की बाकी काहीही कर, गाणं बंद करू नकोस. मी मान दिला. त्या बाईंची सगळी गाणी मला आता विहिरीसकट पाठ आहेत.

आणि काकू. दर वाढदिवसाला तुमच्यासाठी कॅसेट आणायची ती, आठवतंय? कुठल्या कुठल्या दुकानातून शोधून. ती आत बसायचीच नाही कारण आतली निघायचीच नाही, मग त्या सगळ्या घरी कपाटात. एकदा ती तुम्हाला गाण्याच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. तुम्ही पडदा वर जायच्या आत झोपलात आणि टाळ्यांनी जागे झालात, तर तिनं आम्हाला सांगितलं की त्यांना पाण्यावरच गाणं चढतं, बंद हॉलमध्ये नाही. बायको नवऱ्याला सांभाळून घेते ते असं. मी लहान असताना तुमच्याबरोबर यायचो, पुढच्या फळीवर पाय सोडून बसायचो. मागे तुम्ही दोघं. काकू काहीतरी बोलायला सुरुवात करायची, तुम्ही मान हलवायचात, गाण्यात तिचं बोलणं तिलाच ऐकू यायचं नाही आणि तुम्हाला तर नाहीच. मग ती दोन गाण्यांच्या मधल्या खरखरीत मावेल एवढंच बोलायला शिकली. भूक लागली का. ऊन फार आहे. घरी चला. त्याच्याहून लांब काही त्या खरखरीत मावायचं नाही. मग ती यायची बंद झाली. तुम्ही एकटे यायला लागलात, आणि घरात सगळे म्हणाले, बघा, यांना गाण्यापुढे बायकोही नको.

हे मी भरकटून लिहीत नाही, हे सगळं लागणार आहे.

नवा स्टिरिओ मी आणला. दुकानदारानं खोक्याबरोबर एक कागद दिला, त्यावर कुठल्या रंगाची वायर कुठे जाते त्याचं चित्र. जुना काढायला मला सकाळपासून दुपार झाली. स्क्रू गंजून इतके एकजीव झाले होते की ते आणि बोट यांच्यात भेद उरला नव्हता. त्यात स्क्रूड्रायव्हर पाण्यात पडला. वॉचमनचा कुत्रा त्याच्यामागे उडी मारून गेला आणि दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घेऊन वर आला, ती चप्पल कुणाची यावर धक्क्यावर बराच वेळ भांडण चाललं, त्यात मी निष्कारण पडलो. (चप्पल कुणाचीच निघाली नाही.) शेवटी भाजीच्या सुरीनं स्क्रू काढले आणि अंगठा कापून घेतला. स्टिरिओ बाहेर ओढला, मागे बघतो तर वायरींचं जंजाळ. मी त्या एकेक करून कागदाशी जुळवल्या. उस्तादानं शिकवलं होतं की वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नये, दिवा लावून बघावं. बघितलं. सगळ्या लागल्या. एक उरली. कापडी पट्टी गुंडाळलेली, जाडसर, स्टिरिओच्या गुंडीच्या मागून निघून फळ्यांखाली कुठेतरी गेलेली. कागदावर तिचा पत्ता नाही.

आता उस्तादाचं दुसरं सांगणं असं होतं की वायर उरली तर मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण ती उगाच कुणी घातलेली नसते. तो फार कडक होता यात. एकदा मी न विचारता एक उरलेली वायर कापली आणि सबंध गल्लीचे दिवे गेले, तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे. म्हणून काका, मी तुम्हाला फोन केला. हे वाक्य मी जरा ठळक अक्षरात काढतोय, चष्मा लावून वाचा. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सवयीप्रमाणे तो टेबलावर ठेवलात, काकू तिथेच होती, मला तिच्या ताटाळ्यातल्या भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, काका, एक वायर उरतेय. भांड्यांचा आवाज थांबला आणि काकूनं विचारलं, कसली वायर? मग तुम्ही घसा खाकरून म्हणालात, "जुन्या भोंग्याची असेल ती. दे गुंडाळून."

मी म्हणालो, "भोंगा पुढे वेगळा आहे, काका. त्याची वायर दिसतेय मला."

"त्याच्या आधीच्या भोंग्याची."

"आधी भोंगा होता?"

"तू बसव रे तुझं," तुम्ही म्हणालात, आणि मग जरा वेळानं, हळू आवाजात, "जपून."

ते "जपून" मला विजेबद्दल वाटलं. मी पट्टी गुंडाळली. नवा स्टिरिओ लावला. काय आवाज होता, काका. पलीकडच्या काठावरचा धोबी हात वर करून नाचला. मी मनात म्हटलं, आपण आयुष्यात एक काम नीट केलं. (ही भावना मला सहसा संकटाच्या अगदी आधी येते, हे एव्हाना ओळखायला हवं होतं.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरफटका मारून बघायला आले. तुम्ही आला नाहीत. गुडघे, म्हणालात. डॉक्टरांचे बूट पांढरेशुभ्र, त्यांच्या पेशाला शोभतील असे. तलावाच्या मध्यावर गेलो, त्यांनी आपल्या फोनवरून आपल्या आवडीचं गाणं लावलं, डोळे मिटले, मान डोलवायला लागले. मग डोळे न उघडताच म्हणाले, पायाला गार लागतंय. मी म्हणालो, पाण्यावरची हवा. जरा वेळानं म्हणाले, बुटात गेलीये हवा. बघतो तर फळ्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं, अगदी शांतपणे, घरच्यासारखं. मी फळी उचलली. डॉक्टर गुडघ्यावर बसले, सवयीनं माझ्या हातातला टॉर्च घेतला, आत वाकून पाहिलं आणि जे बोलले ते मी तुम्हाला जसंच्या तसं कळवतो, कारण ते तज्ज्ञाचं मत आहे. म्हणाले, ही कीड जुनी आहे. हिच्यात निदान तीन वेळा वेगवेगळं सिमेंट भरलेलं दिसतंय, भरणारा शिकलेला नव्हता, आणि दुखणं माहीत असून पेशंट गप्प बसलेला आहे. मग ते उठले, बूट काढून हातात घेतले आणि धक्का येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. स्टिरिओ तेवढा सुरेख वाजत होता. आम्ही उतरलो आणि बोट धक्क्याशेजारच्या उथळ चिखलात बसकण मारून बसली, पाणी बाकांपर्यंत. माझी गादी तरंगत बाहेर आली. डॉक्टरांनी ती बघितली आणि म्हणाले, इथे कुणी राहतं? मी गप्प बसलो. तेवढं घराण्याचं रक्त माझ्यातही आहे.

त्याच संध्याकाळी तुम्ही आत्याला फोन केलात.

मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनच्या मदतीनं पाणी उपसलं, आणि ती उरलेली वायर धरून फळ्यांखाली रांगत निघालो. ती वायर पार मागे गेली, आणि तिथे तळाशी, मग्याएवढा एक पंप. पाणी ओढून बाहेर फेकणारा. मी जुना स्टिरिओ आणला, वायर होती तशी परत त्याच्या गुंडीमागे जोडली आणि गुंडी फिरवली. बाई गायला लागल्या आणि पंप फिरायला लागला. गुंडी बंद केली, बाई थांबल्या, पंप थांबला. पंपाला त्याचं स्वतःचं बटण आहे, काका, सुकाणूच्या चाकाशेजारी, सगळ्यांना दिसेल असं, आणि ते इतकं कोरं आहे की त्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. ते दाबलं असतं तर पंपाची घरघर ऐकू आली असती. काकूनं विचारलं असतं, हे काय वाजतंय. गाण्याखाली ते ऐकू येत नाही. मी पुनःपुन्हा करून पाहिलं. खरंच येत नाही. काम चोख आहे.

तुम्हाला गाणं आवडत नाही, काका. तुम्हाला कधीच आवडलेलं नाही. बोट घ्यायच्या दिवशी काकूनं तळावर बोटांनी टकटक करून सांगितलं होतं की इथला आवाज पोकळ येतोय, घेऊ नका, आणि तुम्ही म्हणाला होतात की बोटीतलं बायकांना काय कळतं. ही गोष्ट तर तुम्हीच आम्हाला कितीदा हसत हसत सांगितली आहे. मग पहिल्याच पावसाळ्यात पाणी आलं असणार. तेव्हा नुसतं म्हणायचं होतं, तू म्हणालीस ते बरोबर होतं. त्याच्याऐवजी तुम्ही जन्मभर त्या बाईंना ऐकलंत, विहिरीसकट. कॅसेटी कपाटात साठू दिल्यात. शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं खरखरीत मावेल एवढं लहान होऊ दिलंत. आणि परवा, मी विचारलं तेव्हा, फक्त "पंपाची" एवढं म्हणायचं होतं. तेही तिच्यासमोर म्हणवेना. बोट बुडालेली चालली. मी बुडवली असं म्हणणंही चाललं. मला तुमचा राग येत नाही असं लिहायला बसलो होतो, पण इथपर्यंत लिहिताना आला.

तुम्ही वडीलधारे, मी अर्धवट शिकलेला. उपदेश करणं मला शोभत नाही, म्हणून थांबतो. गुडघ्यांना तेल लावत जा, आणि डावा कान तरी जपा.

तुम्हीच ठेवलेल्या नावाचा,
भिंगरी

ता. क. : वर मला बोटीची काही पडलेली नाही असं लिहिलंय, ते खरं नाही. पान फाडून परत लिहायला कोरडा कागद नाही म्हणून तसंच ठेवतो. मला इथेच राहू द्या, काका. डॉक्टर आता घेत नाहीत, दुसरं कुणी घेणार नाही. भोक मी बुजवेन, नीट, शिकलेल्या माणसाला विचारून. तोवर जुना स्टिरिओ परत जोडला आहे, बाई गातायत, बोट तरंगतेय. जुना परत का लावला असं कुणी विचारू नये म्हणून नवा भिजला असं मी वॉचमनला सांगितलंय. भिजला नाही, त्याच्याच केबिनमध्ये कपाटावर ठेवलाय.

ता. क. दुसरा : आणि राहू दिलं नाहीत तर मी काकूकडे जाऊन पंप म्हणजे काय ते समजावून सांगणार आहे. हे मला लिहायचं नव्हतं. पण तुम्ही मला घराबाहेर काढताय आणि माझ्याकडे दुसरं काही हत्यार नाही. विचार करून कळवा.

ता. क. तिसरा : वॉचमन दोन दिवस रजेवर गेला, त्यामुळे पत्र इथेच पडून राहिलं, आणि आज काकू आली. मी बोलावलं नव्हतं, शपथेवर सांगतो. आत्याकडून तिला कळलं की माझी गादी भिजली, तर रिक्षात दुसरी गादी घालून घेऊन आली. यायची बंद झाल्यापासून पहिल्यांदाच बोटीत पाय ठेवला असेल. आत वाकून आली, गादी टाकली, आणि कुणाला काही न विचारता तिनं हात पुढे केला आणि गुंडी बंद केली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती बसली आणि बोलायला लागली. मी जेवतो कुठे, केस का वाढवलेत, असलंच, पण लांब लांब वाक्यांत, न थांबता, काका. मला अडवावंसं वाटेना. मग तिच्या चपला ओल्या झाल्या. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे. मी मुद्दाम बदकाकडे बघत होतो. पण पाणी वाढायला लागलं आणि गादी नवी होती, म्हणून मी गुंडी लावली. बाहेरच्या नळीतून भसकन पाणी पडायला लागलं. काकूनं ते बघितलं. गुंडी बंद केली, नळी थांबली. लावली, सुरू झाली. परत बंद, परत लावली. ती लहान मुलासारखी ते करत राहिली आणि मग तिचा हात थांबला.

"तुझ्या काकांना गाणं आवडतं का रे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, मला काय ठाऊक.

तिनं गुंडीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं एका पंपाचा मत्सर केला."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. निघताना निरोप दिला, तो असा : "रविवारी दुपारी मी इथे येऊन बसते. त्यांना म्हणावं, या. गाणं बंद राहील. पाणी येईल तसं उपसायचं आणि बोलायचं. हात थांबला तर चालेल, तोंड थांबलं तर मी उतरेन." मग मला म्हणाली, तू तेवढी दुपार कुठेतरी भटकून ये, एरवी भटकतोसच, आणि दिवेलागणीला परत ये. मी विचारलं, गादी उचलून ठेवू का. तर म्हणाली, ती कशाला उचलायची, जिथे आहे तिथेच राहू दे. त्यामुळे पहिला ता. क. आता वाचू नका, आणि दुसरा तर मुळीच नको.

ता. क. शेवटचा : बादली मी वॉचमनच्या घरून मागून आणली आहे, मोठी, कडीची. तिला भोक नाही. पाणी भरून, उचलून, उन्हात धरून बघितलं. आपल्या घराण्यात तेवढी खात्री केलेली बरी.